रंग कोणी भरले? फेलीचे बेआतोच्या कॅमेऱ्यातला जपान

मागच्या दिवाळीत आजीच्या लग्नातला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो मी फोनवर स्कॅन केला आणि रंग भरणाऱ्या एका एआय ॲपमध्ये टाकला. दहा-बारा सेकंदांत आजी रंगीत झाली. मरून शालू, गुलाबी गाल, मागे निळसर भिंत. फॅमिली ग्रुपवर टाकल्या टाकल्या हृदयांचा पाऊस पडला. संध्याकाळी आजीच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे माझ्या मावशीआजीचा फोन आला. शालू हिरवा होता गं, आणि तो अजून माझ्या कपाटात आहे, एवढंच तिने सांगितलं. पण तोवर ग्रुपवरच्या बऱ्याच जणांनी मरून शालूतली आजी सेव्ह करून टाकली होती. मोठ्या मामाने तर फोटो फ्रेम करायलाही दिला होता.

आता आजी नाही. उद्या तिच्या पतवंडांना कोण सांगणार की शालू हिरवा होता?

या प्रश्नाचा माग काढत मी जुन्या रंगीत फोटोंबद्दल वाचत गेले आणि एका माणसापाशी येऊन थांबले. फेलीचे बेआतो. रंगीत फिल्म यायच्या कितीतरी आधी, १८६० च्या दशकात, तो जपानचे रंगीत फोटो विकत होता. परदेशातल्या असंख्य लोकांनी जपान पहिल्यांदा पाहिला तो त्याच्या किंवा त्याच्यासारख्यांच्या अल्बममधून. जपानचे डोंगर, रस्ते, माणसं दाखवणारी फोटोप्रदर्शनं आज जगभर भरतात, त्यांच्या मुळाशी जाऊ लागलं की हे नाव लागतंच. अमेरिकेतल्या गेटी म्युझियमने २०१० मध्ये त्याच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं.

माणूस मात्र सरळसोट नव्हता. ऐका त्याची गोष्ट.

व्हेनिस ते लखनौ

बेआतोचा जन्म १८३२ मधला, व्हेनिसचा. लहानपणीच कुटुंब कॉर्फू बेटावर गेलं. ते बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, त्यामुळे इटालियन नावाचा हा मुलगा कागदोपत्री ब्रिटिश प्रजाजन झाला. याचा त्याला पुढे फार उपयोग झाला. जिथे ब्रिटिश फौज, तिथे बेआतो, असं पुढची कितीतरी वर्षं चाललं.

फोटोग्राफी तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, जेम्स रॉबर्टसनबरोबर करू लागला. रॉबर्टसन तिथल्या टांकसाळीत नाण्यांचे साचे कोरायचा आणि जोडीला फोटोही काढायचा. १८५५ मध्ये त्याने बेआतोच्या बहिणीशी लग्न केलं. त्याच वर्षी या मेहुण्यांच्या जोडीने क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढले.

मग १८५८ मध्ये बेआतो कलकत्त्याला उतरला. १८५७ चा उठाव अजून विझलेला नव्हता. दिल्ली, कानपूर, लखनौ अशी त्याची भटकंती झाली. कानपूर म्हटलं की आपल्याला नानासाहेब पेशवे आठवतात. बेआतोने तिथल्या घाटांचे आणि पडझड झालेल्या इमारतींचे फोटो काढले, पण ते इंग्रज गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून.

त्याचा भारतातला सगळ्यात गाजलेला फोटो लखनौच्या सिकंदरबागेचा आहे. मोडकीतोडकी इमारत, समोर उभे चार भारतीय पुरुष, एक घोडा, आणि अंगणभर विखुरलेल्या कवट्या आणि हाडं. ती लढाई झाली होती नोव्हेंबर १८५७ मध्ये. बेआतो पोहोचला त्यानंतर चारेक महिन्यांनी. मग हाडं अशी उघड्यावर कशी? त्या काळच्या लोकांनी जे लिहून ठेवलंय त्यावरून दिसतं की फोटोसाठी ती मातीतून वर काढून मांडली गेली.

मी हा फोटो कितीतरी वेळा पाहिला होता, इतिहासाच्या पानांवर, रील्समध्ये. दर वेळी मला वाटायचं की लढाई संपल्या संपल्या कोणीतरी तिथे जाऊन हे टिपलंय. माणसं खरी, मरण खरं, जागा खरी. मांडणी मात्र फोटोग्राफरची.

१८६० मध्ये तो ब्रिटिश फौजेबरोबर चीनला गेला. ताकूचे किल्ले पडले तेव्हा तिथल्या मृत सैनिकांचे फोटो त्याने काढले. त्याचे फोटो काढून होईपर्यंत प्रेतं हलवू नका, असा त्याचा आग्रह होता, असं फौजेबरोबरच्या एका ब्रिटिश डॉक्टरने नोंदवलं आहे. पुढच्या वर्षी लंडनला परतून त्याने भारत आणि चीनचे सुमारे ४०० फोटो हेन्री हेरिंग नावाच्या व्यावसायिक फोटोग्राफरला विकले. फोटो कसा काढायचा हे त्याला कळत होतंच. तो विकायचा कसा, हेही कळत होतं.

योकोहामा, १८६३

चीनमध्ये त्याची चार्ल्स वर्गमनशी दोस्ती झाली. वर्गमन इलस्ट्रेटेड लंडन न्यूज या साप्ताहिकासाठी चित्रं काढायचा. तो जपानमधल्या योकोहामाला राहायला गेला आणि १८६३ मध्ये बेआतोही तिथे पोहोचला. दोघांनी मिळून धंदा थाटला.

तेव्हाचा जपान कसा होता? दोनशेहून जास्त वर्षं दारं जवळपास बंद ठेवलेला देश, १८५० च्या दशकात अमेरिकी युद्धनौकांच्या दबावाखाली उघडायला लागलेला. योकोहामा बंदर परदेशी लोकांसाठी खुलं झालं १८५९ मध्ये. पण बंदरापासून दहा री, म्हणजे साधारण चाळीस किलोमीटरच्या पलीकडे परदेशी माणसाला मोकळेपणी फिरायची मुभा नव्हती. वातावरणही तापलेलं होतं. १८६२ मध्येच योकोहामाजवळच्या तोकाइदो या हमरस्त्यावर सामुराईंनी एका इंग्रज व्यापाऱ्याला ठार केलं होतं. बेआतोने पुढे त्या जागेचाही फोटो काढला.

मग तो लांब जायचा कसा? परदेशी वकिलातींच्या लोकांबरोबर आणि फौजेबरोबर. १८६४ मध्ये ब्रिटिश, फ्रेंच, डच आणि अमेरिकी जहाजांनी शिमोनोसेकीवर हल्ला केला, तेव्हा बेआतो कॅमेरा घेऊन तिथे हजर होता.

एक गोष्ट विसरू नका. जपानमध्ये फोटोग्राफी करणारा तो एकटा नव्हता. नागासाकीत उएनो हिकोमा आणि योकोहामात शिमोओका रेन्जो या जपानी फोटोग्राफरांनी त्याच्या येण्याआधीच, १८६२ च्या सुमारास, आपापले स्टुडिओ सुरू केले होते.

एक फोटो काढायला काय काय लागायचं?

आपण खिशातून फोन काढतो, बोट टेकवतो, झालं. बेआतोच्या वेळी चालायची ओल्या काचेची पद्धत. तिच्या पायऱ्या बघा:

१. काचेची मोठी पट्टी लख्ख पुसायची. तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रव ओतून सगळीकडे सारखं पसरवायचं. आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की हे द्रव तयार होतं.

२. काळोख्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आता काच प्रकाशाला दाद देऊ लागते.

३. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची आणि लेन्सचं झाकण काही सेकंद काढायचं.

४. लगेच तंबूत परत. काच सुकायच्या आत डेव्हलप करायची. सुकली की गेली.

५. मग फिक्स करायची, धुवायची, वाळवायची, वर वार्निशचा हात द्यायचा.

हे सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या आत, आणि उन्हाळ्यात त्याहूनही कमी वेळात. तंबू, बाटल्या, पाणी, काचा, भलामोठा कॅमेरा, सगळं सामान हमालांच्या पाठीवर. कॅमेरा मोठा का? कारण तेव्हा फोटो मोठा करून छापायची सोय सहजासहजी नव्हती. अंड्यातला पांढरा भाग लावलेल्या कागदावर निगेटिव्हची काच ठेवायची आणि उन्हात छापायचं. जेवढी काच तेवढाच फोटो.

काचेचा वेगही फार कमी. आजच्या भाषेत आयएसओ साधारण १. फोनचा कॅमेरा अंधारात आयएसओ हजारांच्या वर नेतो, त्याच्याशी तुलना करून बघा. त्यामुळे चालणारी माणसं फोटोत धूसर व्हायची, नाहीतर उमटायचीच नाहीत. बेआतोच्या फोटोतले काही रस्ते एवढे सुनसान का दिसतात, त्याचं एक कारण हे.

पाच काचांचा पॅनोरमा

फोनमध्ये पॅनोरमा मोड असतो. फोन हळूहळू फिरवायचा, तो एकामागून एक फोटो घेत शिवत जातो. बेआतोने हेच काम हाताने केलं.

एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, अतागो नावाची टेकडी आहे. उंची जेमतेम २६ मीटर, पण चढायच्या ८६ पायऱ्या चांगल्याच खड्या. १८६५-६६ च्या सुमारास बेआतोने तिथून शहराचे पाच फोटो काढले, एकाच्या कडेला दुसरा लागेल असे. पाच काचा, पाच वेळा तीच सगळी धावपळ. दर वेळी कॅमेरा मोजून तेवढाच फिरवायचा. उजेड बदलला तर जोड उघडा पडणार.

पाचही फोटो शेजारी शेजारी ठेवले की दूरवर पसरलेली कौलारू छपरं दिसतात. ते वाडे होते दाइम्योंचे, म्हणजे सरदारांचे. दोन-तीन वर्षांत, १८६८ मध्ये, शोगुनची सत्ता गेली आणि एदोचं टोकियो झालं. पुढे त्या जुन्या शहराचं बरंचसं आगीत, भूकंपात आणि युद्धात नाहीसं झालं. ते कसं दिसायचं हे बघायला आज जपानी अभ्यासकही हे पाच कागद समोर ठेवतात. बेआतोने हाडं मांडून फोटो काढला हे खरं, आणि हे पाच कागद नसते तर ते शहर असं बघायला मिळालं नसतं, हेही खरं.

बॅकअप नव्हता

२६ नोव्हेंबर १८६६ ला योकोहामात मोठी आग लागली. बेआतोचा स्टुडिओ जळाला आणि सोबत निगेटिव्हही. तीन वर्षांचं काम एका दिवसात गेलं. फोन हरवल्यावर क्लाउडमध्ये काहीच नव्हतं हे कळतं, तेव्हा पोटात जो खड्डा पडतो, तो आठवा.

तो परत कामाला लागला. पुढची दोन वर्षं फिरून त्याने नव्याने फोटो काढले आणि १८६८ मध्ये दोन भागांचा संग्रह बाजारात आणला. एका भागात जपानची ठिकाणं आणि निसर्गदृश्यं, ९८ फोटो. दुसऱ्यात माणसं आणि त्यांचे व्यवसाय, १०० फोटो. सोबत प्रत्येक फोटोची माहिती छापलेली. खलाशी, लष्करी अधिकारी, व्यापारी, प्रवासी हे अल्बम घेऊन मायदेशी जायचे आणि दिवाणखान्यात पाहुण्यांना दाखवायचे. म्युझियमच्या भिंतीवर लागण्याच्या कितीतरी आधी जपानचं प्रदर्शन असं घराघरांत भरत होतं.

आता रंगांकडे

कलोडियनच्या काचेची एक खोड होती. तिला निळा आणि जांभळा प्रकाश चांगला दिसायचा, पिवळा आणि तांबडा जवळपास दिसायचाच नाही. त्यामुळे निळं आकाश पांढरंफटक यायचं. नीळ वापरून रंगवलेला गडद किमोनो फिकट दिसायचा आणि लालभडक कापड काळं. म्हणजे फोटोत नुसते रंग नव्हते असं नाही, गडद-फिकटपणासुद्धा डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा वेगळा होता.

बेआतोने यावर जपानी कारागीर बसवले. जपानमध्ये लाकडी ठशांनी रंगीत चित्रं छापायची मोठी परंपरा होती. ही चित्रं म्हणजे उकियो-ए. पातळ, पारदर्शक रंग नेमक्या जागी लावणारे हात तिथे तयारच होते. १८७२ च्या सुमारास त्याच्या स्टुडिओत एक परदेशी मदतनीस, चार जपानी फोटोग्राफर आणि रंग भरणारे चार जपानी कलाकार काम करत होते. एकेक प्रत हाताने रंगवायची. त्यामुळे एकाच निगेटिव्हच्या दोन प्रतींत किमोनोचा रंग वेगळा असू शकायचा.

इथे मला आजीचा शालू आठवला. एआय ॲप काय करतं? त्याला फोटोत फक्त करड्या छटा दिसतात. हिरवा, मरून, निळा, तिघांची करडी छटा एकसारखी असू शकते. मग शिकवलेल्या लाखो फोटोंवरून ते ठरवतं की अशा कपड्याला बहुतेक अमुक रंग असतो. तो अंदाज असतो, आठवण नसते. बेआतोचे कारागीर त्या बाबतीत वरचढ होते. ते त्याच देशातले होते, किमोनो कसे असतात हे त्यांना माहीत होतं. पण शेवटी फोटो विकला जाणं महत्त्वाचं होतं, आणि विकत घेणारा होता परदेशी.

या कारागिरांपैकी बहुतेकांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत. फोटोखाली नाव बेआतोचं. एक जण मात्र पुढे आला. कुसाकाबे किंबेई त्याच्याकडे रंग भरायचा, मदतनीस होता. १८८० च्या दशकात त्याने योकोहामात स्वतःचा स्टुडिओ काढला आणि तो जपानच्या नावाजलेल्या फोटोग्राफरांपैकी एक झाला.

फ्रेमच्या बाहेर काय राहिलं?

१८७२ मध्ये टोकियो आणि योकोहामादरम्यान जपानची पहिली रेल्वे सुरू झाली. म्हणजे बेआतोच्या स्टुडिओपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर इंजिनाची शिट्टी वाजत होती. १८७६ मध्ये तर सामुराईंना कमरेला तलवार लावून फिरायलाही बंदी आली. पण परदेशी गिऱ्हाइकाला हवा होता जुना जपान. चिलखत घातलेला सामुराई, पंख्याआडून बघणारी गेइशा, डोलीतून चाललेली बाई, पाठभर गोंदवलेला घोडेवाला.

असे बरेच फोटो स्टुडिओत काढलेले. मागे साधा पडदा, हातात दिलेली वस्तू, ठरवून दिलेली पोझ. त्या काळच्या योकोहामाच्या स्टुडिओंमध्ये एकच मॉडेल वेगवेगळ्या वेशांत वेगवेगळ्या भूमिका करताना दिसतं. गेइशा, सामुराई आणि डोंगर यांच्या पलीकडचा जपान आजही आपल्याला चटकन डोळ्यांसमोर आणता येत नाही, त्याला हे अल्बमही थोडेफार जबाबदार आहेत.

तरी ती चित्रं मी पुनःपुन्हा बघत बसले. पोझ दिलेली असली तरी चेहरा दिलेला नसतो. कित्येकांच्या नजरेत कंटाळा आहे, कोणाच्या अविश्वास, एखाद्याचं हसू दाबलेलं. त्यांची नावं बहुतेक वेळा नोंदलेली नाहीत.

कमावलं आणि घालवलं

१८७१ मध्ये तो अमेरिकी आरमाराबरोबर कोरियाला गेला. कोरियात काढलेल्या सगळ्यात जुन्या फोटोंमध्ये त्याचे फोटो येतात. पण हळूहळू त्याचं मन धंद्यात जास्त रमू लागलं. जमीन, आयात, सट्टा, सगळीकडे त्याने हात घातला. १८७३ मध्ये जपानमधला ग्रीसचा महावाणिज्यदूतही झाला. १८७७ मध्ये स्टुडिओ आणि निगेटिव्ह त्याने श्टिलफ्रिड अँड अँडरसन या कंपनीला विकून टाकले. कंपनी ते फोटो पुढे स्वतःच्या नावाने विकत राहिली. त्यामुळे कुठला फोटो नक्की कोणाचा, हा गोंधळ अभ्यासकांना आजही सोडवावा लागतो.

सट्ट्यात पैसा बुडाला. नोव्हेंबर १८८४ मध्ये, एकवीस वर्षांनी, त्याने जपान सोडला. सुदानमध्ये ब्रिटिश फौजेबरोबर गेला, मग ब्रह्मदेशात. मंडालेत त्याने परत फोटोंचं आणि कलाकुसरीच्या वस्तूंचं दुकान थाटलं, परदेशातून टपालाने ऑर्डर घेऊ लागला.

आणि शेवट? तो कितीतरी वर्षं कोणालाच नीट माहीत नव्हता. त्याच्या जन्माचं वर्ष चुकीचं सांगितलं जायचं, मृत्यू ब्रह्मदेशात झाला असं मानलं जायचं. एवढंच काय, काही फोटोंवर फेलीचे अंतोनिओ बेआतो अशी सही असल्यामुळे हा माणूस एकाच वेळी जपानमध्ये आणि इजिप्तमध्ये फोटो कसा काढत होता, असा प्रश्न लोकांना पडायचा. १९८३ मध्ये उलगडा झाला की ते दोन सख्खे भाऊ होते, फेलीचे आणि अंतोनिओ. मृत्यूचा दाखला सापडला तो २००९ मध्ये. त्यावरून कळलं की तो २९ जानेवारी १९०९ ला इटलीत, फ्लोरेन्समध्ये वारला.

आपल्या फोनमधल्या प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, जागा, कॅमेरा अशी माहिती आपोआप साठते. बेआतोच्या फोटोंखाली आज बऱ्याचदा १८६३ ते १८७७ असं सैल वर्ष लिहावं लागतं.

मग मी काय केलं?

दिवाळीनंतर मी मावशीआजीकडे गेले. तिने कपाटातून शालू काढला. खिडकीपाशी, उन्हाच्या उजेडात, फिल्टर न लावता मी त्याचा फोटो काढला. तो आणि मूळ ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन, दोन्ही ग्रुपवर एकत्र टाकले. फाइलच्या नावातच लिहिलं की हा मूळ आणि तो ॲपने रंगवलेला. तुम्हीही घरचे जुने फोटो रंगवणार असाल तर जरूर रंगवा, मजा येते. फक्त मूळ स्कॅन डिलीट करू नका. आणि ज्यांनी तो दिवस पाहिलाय त्यांना आधी एकदा विचारा, कारण माहिती देणारी माणसं ॲपसारखी अपडेट होऊन परत येत नाहीत.

मामाची फ्रेम तयार होऊन आली होती. ती आता बदलायची नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मग मी फ्रेम उलटी केली आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेनने लिहून ठेवलं: रंग ॲपने भरले आहेत, शालू हिरवा होता. खाली मावशीआजीने सही केली.